चार डिग्री उशिरा

१२ जानेवारी २०२१, ॲथलोन, आयर्लंड

"वर गेल्यावर दम नाय गं पोरी." दिवसभरात कानावर पडलेलं एवढंच मराठी, तेही फोनवर, गिऱ्हाइकाकडून. पद्माकर काका मूळचे कोल्हापूरचे, चाळीस वर्षं कॅनडात. साठी उलटली तरी गोठलेल्या तळ्यावर स्नोमोबाइलच्या शर्यतीत उतरतात! त्यांच्या इंजिनाचा इग्निशन मॅप – कुठल्या आरपीएमला ठिणगी कधी पडायची – आमची कंपनी इथून बनवते. कंपनी म्हणजे सध्या मी आणि ही खोली. लॉकडाउन. पाच किलोमीटरच्या पुढे जायचं नाही, आणि पाच किलोमीटरच्या आत माझं कोणी नाही.

१३ जानेवारी

दोष सापडला. साडेआठ हजार आरपीएमपर्यंत सगळं ठीक. त्याच्या वर ठिणगी फार लवकर पडतेय – माझीच चूक. इंजिनाच्या फेऱ्यात चार डिग्री उशिरा पडली की एक्झॉस्ट जास्त तापेल आणि इंजिन आणखी वर चढेल. तासाभराचं काम.

चारपैकी एकच डिग्री दुरुस्त करून पाठवली. डेक्लनला, म्हणजे साहेबाला, सांगितलं की जपून चाललेय. "ग्रँड," म्हणाला; इथं 'ठीक'ला हेच म्हणतात. खोटं बोलले! काम संपलं की काकांचे फोन संपतील, एवढंच.

१६ जानेवारी

काकांचा फोन. इंजिनाबद्दल पाच मिनिटं. मग, "जेवलीस काय?" ब्रेड म्हटल्यावर रागावले. फोन कानाला लावून पिठलं करायला लावलं. गुठळ्या झाल्या. तिकडे त्यांनीही ताट वाढून घेतलं. बऱ्याच दिवसांनी कोणाबरोबर तरी जेवले.

३ फेब्रुवारी

दुसरी डिग्री.

२२ फेब्रुवारी

शनिवारी हंगामातली शेवटची शर्यत. काका म्हणाले, "आता डोळं साथ देईनात. औंदा एकदा जिंकायचं हाय, मग बास." माझ्या एकटेपणापायी म्हातारा हरणार होता, आणि मी पिठलं खात बसले होते.

उरलेल्या दोन्ही डिग्री पाठवल्या. आता फोन येणार नाही. रडले. खालून घरमालकीण ब्रीडाने विचारलं, "यू ऑलराइट, पेट?" ग्रँड म्हणाले. दुसरं काय म्हणणार.

१ मार्च

फोन आला! "अजून जरा दम कमीच वाटतोय बघ." शर्यतीचं विचारलं तर, "ऱ्हाऊ दे त्ये." हरले असणार. माझ्यामुळे.

२५ मार्च

पुन्हा तेच – "अजून जरा." इंजिनाचा लॉग, म्हणजे नोंदी, मागितल्या की कॉम्प्युटर बिघडलाय म्हणतात. मॅप दहादा तपासला, चूक दिसत नाही. मला हे काम येतं तरी का?

२८ एप्रिल

शेवटी म्हटलं, व्हिडिओवर निदान स्पार्क प्लग दाखवा, रंगावरून कळेल. दाखवला. बदामी, अगदी हवा तसा. त्यांच्या मागच्या उघड्या दारातून तळं दिसत होतं. नुसतं पाणी.

"काका, बर्फ?"

"गेलं की कवाच."

"मग दम कमी हे कळलं कुठं? आणि ती शर्यत?"

"जिंकली न्हवं, तुझ्याच मॅपवर." मग बराच वेळ तो प्लग पुसत राहिले. "सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी काय निमित्त काढून फोन करायचा हुता मी?"