घुमटाखालचा पहिला दोर

३ मार्च १८७१
घुमट मिटला! शेवटचा दगड दुपारी बसला. खाली सगळं ग्लासगो धुरात, आणि टेकडीवर माझ्या नवऱ्याचं, गॅव्हिनचं कायमचं घर. दोन वर्षं चर्चच्या तळघरात, परक्यांच्या शवपेट्यांमध्ये पडून आहे तो. आता आपल्या जागी येईल.

मुकादम रेनी ओरडला, "बाईसाहेब, चिखलातून बाजूला व्हा! लोक म्हणतील, रेनी विधवेला राबवतो."

७ मार्च
आज घुमटाखालचा आधाराचा लाकडी सांगाडा काढला. रेनी मुद्दाम बरोब्बर मधोमध उभा. "पडला तर आधी माझ्या टाळक्यावर!" मेला, हसत होता. माझा जीव टांगणीला. पडला नाही!

मग मी आत गेले. बाई गं! बारा खांब, त्यांवर कमानी, आणि त्यांवर तो एवढा दगड — आधार कशाचा? एकमेकांचा! बस्स. माथ्यावरच्या गोल काचेतून उजेड थेट जमिनीवर उतरतो. खांबांच्या माथ्यावरची पानं इतकी पातळ कोरलीत की हात लावायची भीती वाटली. हे माणसांनी केलं? त्या शिव्या देणाऱ्या, बिडाच्या किटलीतून चहा पिणाऱ्या माणसांनी? हळूच "गॅव्हिन" म्हटलं. घुमटानं ते मोठं करून परत दिलं. मला रडूच कोसळलं.

जमिनीत मधोमध खालच्या थडग्याचं चौकोनी तोंड ठेवलंय. पेटी तिथूनच दोरांनी खाली सोडायची.

१० मार्च
मुंगोभाऊजी चहाला. गॅव्हिनचा धाकटा भाऊ, पण थाट थोरल्याचा. "वहिनी, पहिला दोर माझा. तुम्हाला मुलगा नाही."

आठ दोर, आठ पुरुष. डोक्याकडचा पहिला, सगळ्यांत जवळच्या नातलगाचा. बायका घरी! गॅव्हिनला नेलं तेव्हाही मी घरीच होते — परत आलेल्या पुरुषांना केक आणि व्हिस्की देत.

"नकाशा मी निवडला, दगड मी निवडला, आणि दोर तुमचा?"

"रीत आहे, वहिनी."

रीत! चहा तसाच टाकून उठले.

११ मार्च
कोणी कुठला दोर धरायचा, त्याची कार्डं लिहून पाठवायचं काम मात्र माझं. नाव आणि नंबर. भाऊजींना दुसरा दिला. पहिल्यावर माझं नाव लिहिलं. आणि लगेच सगळी टपालात टाकली.

१३ मार्च
भाऊजी तणतणत आले, पाद्रीसाहेबांना घेऊन. "सांगा हिला! बाईच्या हातून दोर सुटला तर?"

पाद्रीसाहेब म्हणाले, "धर्मग्रंथात दोरांचे नंबर काही दिलेले नाहीत, मुंगो."

"मग मी येत नाही!"

"नका येऊ," मी म्हटलं. "रेनी धरेल."

बोलून गेले खरी. पण तो गॅव्हिनचा सख्खा भाऊ.

१५ मार्च
भाऊजी आले. दुसऱ्या दोराशी उभे राहिले. एवढंच म्हणाले, "वहिनी, हातमोजे काढा. दोर निसटतो."

मी घुमटाकडे एकदाही पाहिलं नाही. पेटी अधांतरी झाली आणि गॅव्हिनचं वजन माझ्या तळव्यात आलं. मग ती खाली टेकली. दोर सैल पडला.

गॅव्हिन आज गेला.