हललेला हात

दादा,

परवा भाचीची लेक छत्तीस फोटोंचा रोल धुऊन घेऊन आली आणि सगळे माझ्या पुढ्यात पसरून म्हणाली, "आजी, तू फोटोवाली ना? सांग, यातला चांगला कोणता." मी म्हटलं, पेटीत टाक, पुढच्या दसऱ्याला घेऊन ये, मग सांगते. ती हसायला लागली. तिला वाटलं, म्हातारी टाळतेय. पणजोबांची, म्हणजे तुमची, रीत तिला कुठून ठाऊक असणार? पण जाता जाता भिंतीवरच्या चौकटीकडं बोट करून ती म्हणाली, "मग हा का लावलास? यात तर बाईचा हात हललाय." ते मला लागलं. तुम्हीही अगदी हेच म्हणाला होतात, आणि तेव्हा तोंडाशी आलेलं उत्तर मी गिळलं होतं. ते आज लिहायला बसलेय.

गंगाखेडच्या आपल्या दुकानात दर्शनी भिंतीला चौकट एकच होती, सागवानी. लोक म्हणायचे, फोटोवाल्याच्या भिंतीवर कसे धा-ईस फोटो पाहिजेत. तुम्ही म्हणायचात, "धा लावले तर मला निवडता येत न्हाई असं दिसतंय." वर्षभरात मनात भरलेले फोटो तुम्ही पत्र्याच्या पेटीत पालथे टाकायचात, आणि पुढचं वर्षभर त्या पेटीला हात लावायचा नाही. काढल्या काढल्या आवडलेल्या फोटोवर तुमचा विश्वास नव्हता. खंडेनवमीला लोक विळे, वस्तरे, तराजू पुजतात, आपल्याकडं कॅमेरा. तुम्ही लिंगपूजा आटोपून कॅमेऱ्यावर भस्माची तीन बोटं ओढता, आई झेंडूचं फूल ठेवते, आणि मग पेटी उघडते. फोटो आधी उलटा धरायचा, डोकी खाली आणि पाय वर, म्हणजे ओळखीची माणसं ओळखू येत नाहीत, नुसता उजेड आणि सावली उरते. मग सरळ करायचा आणि विचारायचं, "आवडायचं कारण फोटोत हाय, का फोटोच्या भाईर?"

गोदावरीच्या पुराचा तुमचा फोटो आठवतो मला. कंबरभर पाण्यात उभं राहून काढलेला. चौकट त्या साली त्याचीच, असं मी धरून चालले होते. तुम्ही बराच वेळ बघत बसलात आणि बाजूला ठेवून दिलात. "माझी कंबर भिजली होती म्हणून आवडायलाय गं मला. बघणाराची कुठं भिजलीया?" आई म्हणाली, "आन् ते चिखलाचं धोतर मी धुतलं, त्याचा फोटो कुनी काढायचा?" तुम्ही इतके हसलात की खोकल्याची उबळ आली, आणि तुम्ही उठून परसात गेलात. आईला तो हसण्याचा ठसका वाटला, पण खोकला तेव्हाच सुरू झालेला होता.

नवरा गेल्यावर मी तुमच्याकडं परत आले तेव्हा विशीतही नव्हते. दिवसभर चुलीपाशी बसायचे, कुणी आलं की आत जायचे. एक दिवस तुम्ही काळं कापड माझ्या डोक्यावर टाकलंत आणि म्हणालात, "आत काय दिसतंय ते सांग." सगळं जग उलटं टांगलेलं दिसलं. मी म्हटलं, "माझ्यासारखंच हाय." दुसऱ्या दिवसापासून तुम्ही, फोटो ज्यांवर उतरायचा त्या काचा धुवायला मला बोलवायला लागलात. पुढं जहागीरदारांच्या, देशमुखांच्या घरची बोलावणी आली, की तिथल्या बायकांचे फोटो मी काढायचे, कारण तुम्हाला पडद्याच्या आत जाता येत नव्हतं. तुम्ही बाहेर बसून मोजायचात. तुमच्या "एक"ला मी भिंगावरचं झाकण काढायचं, आणि तुम्ही सांगाल त्या आकड्याला लावायचं. तुम्हाला काही दिसायचं नाही, नुसता आवाज आत यायचा. लोक मला तुमची शिकाऊ म्हणायचे, पण काळ्या कापडाखाली मी कुणाची विधवा नव्हते की कुणाची लेक नव्हते. ती सुटका मला भाकरीहून गोड होती.

पालमजवळच्या त्या घरी आपण छकड्यातून गेलो, कॅमेरा वाकळीत गुंडाळलेला. महायुद्धाच्या लढाईमुळं हैदराबादहून काचा येत नव्हत्या, त्यामुळं जवळ एकच काच होती. घरच्या वडीलधाऱ्या बीबी खुर्चीवर, शेजारी नवी सून. बीबींनी आयुष्यात पहिल्यांदा कॅमेरा बघितला होता. "किधर देखना जी? आँख मारी तो चलता क्या?" मी म्हटलं, बीबीजी, डोळे मिचकावा, पण तोंड हलवायचं नाही आणि बोलायचं नाही. त्यांनी असं तोंड मिटलं, की सून पदराआड हसायला लागली. तिला गप्प केलं. पडद्याबाहेरून तुमचा आवाज आला, "चारला लाव. एक..." मी झाकण काढलं. "दोन..." आणि खोकला. थांबेचना. मी झाकण हातात धरून उभी. तुमच्या मोजणीशिवाय झाकण कसं लावायचं, हे मला कधी सुचलंच नव्हतं. आणि बीबींनी मान न हलवता, तोंड न उघडता, नुसता उजवा हात उचलला आणि पडद्याकडं केला. दारातल्या बाईला ती खूण होती, त्यांना पाणी दे म्हणून. मग मी भानावर येऊन झाकण लावलं. तुम्ही पाणी पिऊन विचारलंत, "लावलं का गं?" मी म्हटलं, "लावलं." कधी लावलं, ते तुम्ही विचारलं नाहीत.

काच धुतली तेव्हा दोघींचे चेहरे स्वच्छ उतरले होते, आणि बीबींच्या मांडीवरून पारव्याच्या पंखासारखं काहीतरी फडफडत वर गेलेलं. त्यांच्या घरी फोटो आवडला. मी एक प्रत पेटीत पालथी टाकली आणि वर्षभर, तुमच्या शिस्तीत, तिला हात लावला नाही.

पुढच्या खंडेनवमीला तुम्ही तो उलटा धरलात, मग सरळ. माझा जीव कानात आला होता. माझा एकही फोटो अजून चौकटीत गेला नव्हता. "चेहरे झकास उतरलेत, माय," तुम्ही म्हणालात, "पर हात हलला. तू तिला नीट बसवलं न्हाईस. तुला आवडायलाय, कारण पडद्याच्या आत तू एकलीच होतीस. ते कारण भाईरचं हाय." आणि चुडाव्याच्या स्टेशनावर गाडीची वाट बघत बसलेल्या माणसांचा तुमचा फोटो चौकटीत घातलात. तो चांगलाच होता, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

पण उत्तर माझ्या ओठावर होतं. कारण फोटोतच आहे, दादा, तो हात तुमच्यासाठी पाणी मागतोय. आई तिथंच तूर निवडत बसलेली. घरात तुम्ही खडीसाखर तोंडात धरून खोकला दाबायचात, आणि आई म्हणायची, "म्हातारपणी यांला गोडाचं येड लागलंय." मी बोलले असते तर तिनं हातातलं सूप ठेवून विचारलं असतं, कसलं पाणी? कसला खोकला? मी बोलले नाही. म्हटलं, "बरं, दादा." त्यानंतरच्या उन्हाळ्यात तुमच्या रुमालावर रक्त दिसलं तेव्हा हकीम म्हणाले, वर्षभर आधी आणायला पाहिजे होतं. निजामाचं राज्य गेलेलं बघायला तुम्ही राहिला नाहीत.

तुम्ही गेल्यावर पहिल्या खंडेनवमीला मी तो हात चौकटीत घातला. दुकान पुढं मी चालवलं, हजारो फोटो काढले, त्यांतले कितीतरी याहून सरस आहेत. पण चौकट बदलली नाही. आज तुमच्यासारखा तो उलटा धरून बघितला. माणसं गेली, उजेड आणि सावली उरली, आणि त्यात तो हात अजून खाली पडद्याकडं वळलेला. सरळ केला आणि स्वतःला तुमचा सवाल केला. तो फोटो उत्तीर्ण होतो, दादा. तुमचं चुकलं होतं.

माझंही चुकलं. तुमचा मान राखायला मी गप्प बसले, असं मी पुढं आईलाही सांगितलं, आणि तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. खरं ते नव्हतं. आईला खोकला कळला असता तर तिनं तुम्हाला गावोगाव जाऊ दिलं नसतं, आणि बाहेर मोजायला तुम्ही नसता तर पडद्याच्या आत मला कुणी बोलावलं नसतं. मला कॅमेरा सोडायचा नव्हता.

पोरीला एवढंच सांगेन, की हात हललाय तो बरोबर हललाय. बाकीचं सांगणारे हे कागद पेटीत पालथे टाकतेय.