पिंपावरचं छप्पर

४ ऑक्टोबर, शनिवार

पत्रा चार बोटं आखूड! दुकानात मोजला, घरी आणून मोजला, दोन्ही वेळा बरोबर. खांबांवर धरला तर आखूड. म्हणजे खांबच लांब लांब पुरले गेलेत. काँक्रीट वाळून घट्ट झालंय. आता पत्रा ओढून वाढत नाही आणि खांब ढकलून सरकत नाहीत. सोमवारी पुन्हा दुकानात जाऊन तोंड दाखवायचं.

चार खांब, चार वासे, एक पत्रा. खाली सासऱ्यांचं पिंप. एवढंच काम. दुकानदार त्याला स्मोकर म्हणतो, आमच्या घरात ते पिंपच. तेलाचं लोखंडी पिंप आडवं टाकून, उभं चिरून, बिजागऱ्या लावून सासऱ्यांनी स्वतः केलेलं. परसाच्या भिंतीकडच्या अंगाला जाळ करायची पेटी, दुसऱ्या टोकाला धुराडं. रविवारी सकाळी त्यात मांस धुरावर लावायचे आणि आठ तास तिथून हलायचे नाहीत. एप्रिलमध्ये त्यांना झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. तेव्हापासून पिंप परसात उघड्यावर पडलंय. ताडपत्री दोनदा उडाली, एकदा थेट शेजारच्या ड्रायव्हरच्या दारात. झाकणाला गंज धरलाय.

"दादा एकोणीसला येतोय," ही म्हणाली. "त्याच्या आधी छप्पर होऊ दे. बाबांना पिंपाशी बसलेलं त्याला बघू दे."

मेव्हण्यानं त्याच्या गावी एका शुश्रूषागृहात खाट धरून ठेवली आहे. बाबांना काही कळत असेल तर इथे राहू देत, नसेल तर तो परत जाताना घेऊन जाणार. हिची सगळी भिस्त त्या पिंपावर. आणि पिंपाची भिस्त माझ्यावर, म्हणजे आनंदच.

खांब पुरताना ड्रायव्हर होता मदतीला. "पुढून उंच ठेवा, मागे भिंतीकडे बुटकं. नाहीतर रोज डोकं आपटेल." पुढचे सात फूट, मागचे सहा. पटलं.

५ ऑक्टोबर, रविवार

सासरे बोलले. सहा महिन्यांत पहिला शब्द.

चाकाची खुर्ची मागच्या दारात आणून ठेवली होती, उन्हाला. मी एक वासा खांबांवर चढवून बघत होतो. तर मागून — "पाणी." स्पष्ट. ही पोळपाट टाकून धावत आली. रडली, हसली, मेव्हण्याला फोन लावला. मी ग्लास आणला. त्यांनी डाव्या हातानं तो बाजूला सारला. दोन मिनिटांनी परत, "पाणी." परत ग्लास. परत सारला. संध्याकाळपर्यंत अकरा ग्लास झाले. एकही प्यायले नाहीत. मी ते पाणी झाडांना घातलं.

७ ऑक्टोबर, मंगळवार

बोलायला शिकवणाऱ्या बाई येऊन गेल्या. "अहो, असं होतं. एखादा शब्द अडकून बसतो, मग तोच येत राहतो. त्यात अर्थ असेलच असं नाही. तुम्ही अर्थ शोधत बसू नका."

हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू. मी मुद्रितं तपासणारा माणूस. दिवसभर स्वयंपाकघरातल्या टेबलावर दुसऱ्याच्या शब्दांतल्या चुका काढतो. घरात तरी एक शब्द असा असू दे, जो मला दुरुस्त करायचा नाही.

पत्रा बदलून मिळाला. दुकानदार म्हणाला, "पहिल्यांदाच करताय वाटतं." तोंडावर लिहिलेलं असतं बहुधा.

९ ऑक्टोबर, गुरुवार

आधीचं पान फाडावं लागलं. भिजलं. कसं भिजलं ते लिहितो, नाहीतर डोकं शांत होणार नाही.

सकाळी या वहीत छपराचं चित्र काढलं, बाजूनं. खांब, उतार, भिंत, पिंप. बरं जमलं होतं. सासरे खुर्चीत बसून माझ्याकडेच बघत होते. म्हटलं दाखवावं. चाळीस वर्षं छपरं चढवली त्यांनी, सुतारांमध्ये नाव होतं. वही मांडीवर ठेवली, म्हटलं, "बघा बाबा." त्यांनी बघितलं. "पाणी." ग्लास शेजारीच होता, हातात दिला. तर सरळ वहीवर ओतला! चुकून नाही. चित्रातल्या छपराच्या वरच्या टोकाला ग्लास नेला आणि सावकाश ओतला. शाई ओघळली, वहीभर, त्यांच्या निळ्या चौकड्यांच्या शर्टभर.

मी ओरडलो. बारा वर्षं या घरात राहतोय, त्यांच्यासमोर कधी आवाज चढवला नव्हता. ते मात्र मला "जावईबापू" म्हणताना बापूवर असा काही जोर द्यायचे की चार माणसांत मान खाली जायची. एकदा मी भिंतीत खिळा ठोकला, तो वाकला. तर म्हणाले, "जावईबापू, तुम्ही कागद वाचा. भिंतीनं तुमचं काय वाकडं केलंय?" घरी आलेल्या पाहुण्यांसमोर. हे सगळं आज वर आलं.

आणि नेमका तेव्हाच मेव्हण्याचा फोन. "कसे आहेत बाबा?"

मी म्हणालो, "न्या तुम्ही त्यांना. ओ की ठो कळत नाही आता. माझ्यानं होत नाही."

खुर्चीपासून दोन हातांवर उभा होतो. सासरे पत्र्याकडे बघत होते. मेव्हणा म्हणाला, "मी तेच म्हणत होतो तिला." हिला हे सांगितलेलं नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार

वासे चढले. ड्रायव्हर आणि मी. तिसऱ्या वाशाचं भोक चुकलं, नवं पाडलं, लाकूड चिरलं. वासा बदलला. दुपारी ड्रिल तापून बंद पडलं. सासऱ्यांचं हाताचं गिरमीट काढलं त्यांच्या पेटीतून. इतकं धारदार की लाज वाटली.

ते दिवसभर दारात. "पाणी! पाणी!" काठी जमिनीवर आपटत. हिनं ग्लास दिला, मग संडासला नेऊन आणलं, मग पंखा लावला, मग बंद केला. शेवटी ही त्यांच्या पायाशी बसून रडली. "काय हवंय बाबा? काय देऊ?" मला वाटलं, एकोणीस तारीख उद्याच यावी.

१२ ऑक्टोबर, रविवार

पत्रा बसला. बोट कापलं. तीन टाके.

ही निळ्या चौकड्यांचा शर्ट शोधतेय. गुरुवारी काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला होता, धुवायला न्यायचा राहिला. घरात कुठेच नाही. म्हणे, मीच शाई लपवायला फेकून दिला. इतका धूर्त असतो तर काय हवं होतं!

१४ ऑक्टोबर, मंगळवार

छप्पर देखणं दिसतंय. मी म्हणतो असं नाही, ड्रायव्हरची बायको म्हणाली. पिंप घासलं, झाकणाचा गंज काढला, तेलाचा हात दिला. जाळ करून पाहिला. धुराडं उत्तम ओढतंय. डोकंही कुठे आपटत नाही.

सासऱ्यांनी आज एकदाही "पाणी" म्हटलं नाही. काहीच म्हटलं नाही. खुर्ची दारात नेली तर मान फिरवून बसले. बाई म्हणतात, शब्द आला तसा जातोही.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

आभाळ भरून आलंय. येऊ दे. आता कसली भीती?

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

सगळ्या मेहनतीवर पाणी. म्हणजे खरोखरच.

दुपारी पाऊस सुरू झाला. मी हौसेनं मागे जाऊन छपराखाली उभा राहिलो. दहा मिनिटं झकास. मग बघतो तर पत्र्यावरचं सगळं पाणी उताराला लागून मागे भिंतीकडे, भिंतीवर आपटून खाली, आणि खाली बरोबर जाळाची पेटी! नळाखाली बादली धरावी तशी पेटी भरत होती. उघड्यावर असताना सहा महिन्यांत जेवढं पाणी आत गेलं नसेल, तेवढं छप्पर घातल्यावर अर्ध्या तासात गेलं. भिंतीला ओल, राखेचा चिखल. मी छत्री उघडून माझ्याच छपराखाली उभा!

वळून पाहिलं. सासरे दारात खुर्चीवर. आपटणं नाही, ओरडणं नाही. डावा हात उचलून उंच धरला आणि तिरका खाली आणला. भिंतीकडे.

"पाणी," म्हणाले. हळू.

मी तिथेच उभा राहिलो. छत्रीचं भान नाही. पाच तारखेपासून हा माणूस एकच गोष्ट सांगत होता. पाणी कुठे काढतोस? कुठलाही सुतार छपराशी आला की पहिला प्रश्न हाच विचारेल. त्यांनी वहीवर ओतून दाखवलं. मी ग्लास आणत राहिलो. शब्द बरोबर होता, वाचणारा गाढव होता. जन्मभर दुसऱ्यांची मुद्रितं तपासली मी.

१८ ऑक्टोबर, शनिवार

आज छप्पर उलटं केलं. म्हणजे सासऱ्यांनी केलं, हात माझे.

खुर्ची पार खांबांपर्यंत नेली, खाली फळ्या टाकून. पत्रा काढला, वासे उतरवले. पुढचे खांब कापायचे. कुठे कापू म्हणून पेन्सिल सरकवत खाली आणली. ते बघत होते. पाच फुटांवर आली तेव्हा, "पाणी." खूण केली. करवत त्यांचीच. मध्येच हात तिरका गेला की काठी पायावर, आणि आखूड, चिडका "पाणी". बरं जमलं की लांबवलेला "पा-णी". दुपारपर्यंत मला सगळे प्रकार कळायला लागले. बाईंना सांगायला हवं.

ही चहा घेऊन आली आणि ट्रे धरून उभीच राहिली. तिला म्हटलं, "बाबा म्हणतात हा स्क्रू काढून परत लाव." ती म्हणाली, "म्हणाले?" मी म्हटलं, "म्हणाले." तिनं मेव्हण्याला फोन करून ते सगळं सांगितलं, दोनदा. तो म्हणाला, "उद्या बघतो."

चार वाजता पत्रा चढला. वर बादलीभर पाणी ओतलं. पुढून सरळ मातीत गेलं, भिंतीला थेंब नाही, पेटी कोरडी. मी आनंदानं वळलो आणि पुढचा वासा कपाळावर बसला. सासरे हसले. अर्ध्या तोंडानं, पण खदाखदा. मग म्हणाले, "पाणी." मी छपराकडे बघितलं, वाशांकडे बघितलं, काही चुकलेलं दिसेना. त्यांनी डाव्या हातानं ग्लासाकडे दाखवलं. तहान लागली होती. पूर्ण ग्लास प्यायले.

१९ ऑक्टोबर, रविवार

सहालाच पिंप पेटवलं. सासरे समोर बसलेत, धूर बघत. मेव्हणा तासाभरात येईल.

त्यांच्या खोलीत शाल आणायला गेलो. ती पलंगाखाली पडली होती, काढायला वाकलो तर मागे दवाखान्यातली बॅग. चेन अर्धी लावलेली. वर दाढीचा ब्रश, चष्म्याचं घर. मग दोन पायजमे. सगळ्यांत खाली, म्हणजे सगळ्यांत आधी ठेवलेला, निळ्या चौकड्यांचा शर्ट. नऊ तारखेची शाई तशीच. घडी एका हातानं घातलेली.

बॅग रिकामी करून कपडे कपाटात ठेवले. मेव्हणा यायच्या आत हिला त्या गुरुवारचा फोन सांगायचाय. त्याच्याही आधी परसात जाऊन त्यांच्यासमोर बसतो.