गप्प राहिला तो राजी

दादा,

गल्लीत काँक्रीटचा रस्ता झाला. ज्याचं घर रस्त्याला जितकं लागून, तितका खर्च नगरपालिकेने त्याच्यावर टाकला. आपलं घर कोपऱ्यावरचं, म्हणून दोन्ही बाजू मोजल्या. हरकत फक्त मालकाने घ्यायची होती. गप्प राहिला तो राजी, असा नियम. घर तुझ्या नावावर. किती फोन केले तुला, एकही उचलला नाहीस! शेजारचे काका म्हणाले, "अगं, ठोक की हरकतीच्या अर्जावर त्याची सही, कोण बघतंय?" माझा हात धजला नाही.

आता हिस्सा भरायला आईची खोली भाड्याने द्यावी लागणार. तरी ती शेजारणींना ऐटीत सांगते, "आमच्या थोरल्याने होकार दिला, म्हणून रस्ता झाला हो!"

आणि मी मान डोलावते.

तुझ्यावर चिडलेली,
धाकटी