चाचाचं जाकीट

सांगली,
६ ऑक्टोबर १९४७

ती. सौ. बनुअक्कास,
सयाजीचा सा. न. वि. वि.

भाऊजींचं अमृतसरहून पत्र नाही म्हणून जिवाला घोर लावून घेऊ नकोस. निर्वासितांच्या गाड्यांवर पहारा करणाऱ्या पलटणीला पत्र लिहायला सवड कुठली?

इथं आम्ही कॉलेजातली मुलं त्याच कामाला लागलो आहोत. पंजाब-सिंधकडून माणसं अंगावरच्या कपड्यानिशी येताहेत आणि पुढं थंडीचे दिवस. दारोदार फिरून कपडे, भांडी, जे मिळेल ते गोळा करतो. पेठेतल्या एका शेटजींनी फाटकी छत्री दिली आणि उपदेश मात्र पोटभर दिला.

तू वाडीतल्या बायांना जमवून वाकळा शिवून घे. तुझ्या तोंडाला सगळ्या भितात, तेव्हा कुणी नाही म्हणणार नाही. पुढच्या महिन्यात आमचं कलापथक वाडीत खेळ करायला येईल. त्यात माझंही काम आहे. आईला सांगू नकोस, पोरगं तमाशात गेलं म्हणेल.

माया आहे ती अशीच राहू दे.
तुझा,
सयाजी


वाघजाईवाडी,
२२ ऑक्टोबर १९४७

चि. सयाजीस,
बनुअक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

आईला सांगितलंच. तिनं कपाळाला हात लावला आणि मग विचारलं, तिथं पोटाला नीट मिळतं का.

मारुतीच्या देवळात रोज दुपारी बाया टाके घालायला बसतात. आपल्या वाकळेत जुनी लुगडी असतात, कापूस नसतो. पण इमामचाचा पिंजारी म्हणाला, पंजाबातनं आलेल्या माणसाला ऊब पायजे, लुगड्यानं भागायचं न्हाई, आत कापूस घाला. नुसता बोलला नाही, तर सगळा कापूस फुकट पिंजून दिला. शेवटी अंगातलं जाकीटही काढून गाठोड्यावर ठेवलं. तेच, पाठीवर आपल्या आईच्या हिरव्या लुगड्याचं ठिगळ असलेलं. हलिमाचाचीनं लावलेलं ते ठिगळ बघून माळावरूनसुद्धा माणूस ओळखतो की चाचा चालला. मी नको म्हटलं, तर म्हणाला, माझं काय, म्या कापसात झोपतो.

तुझा दोस्त केरबा देवळापाशी उभा होता. त्याचा कापूस कशाला घेता, असं म्हणाला. मी फटकारलं. एरवी माझी बोलणी खाऊन हसतो, या खेपेला हसला नाही.

गाठोडी मोटारीनं पाठवली आहेत. दिवाळीच्या पाठोपाठ मोहरम आहे. आप्पा गेल्यामुळं ताबुताचा पहिला खांदा आता तुझा. आपल्या घराचा मान आहे, विसरू नकोस.

जेवण वेळेवर करत जा आणि अक्काची आठवण ठेव.
बनुअक्का


सांगली,
४ नोव्हेंबर १९४७

ती. सौ. बनुअक्कास,
सयाजीचा सा. न. वि. वि.

खेळ संपताच आमची गाडी निघाली, तुझ्याशी धड बोलताही आलं नाही. पण काय खेळ झाला! घर पेटल्याच्या प्रवेशाला बाया पदर तोंडात धरून रडत होत्या. केरबानं अंगावरचं घोंगडं काढून दिलं. इतकी मदत दुसऱ्या कुठल्याच गावात मिळाली नाही.

दाढी लावलेला, हातात सुरा घेतलेला दंगलखोर म्हणजे मीच, हे ओळखलंस ना? पोशाख काही मिळेना, तेवढ्यात गाठोड्यात चाचाचं जाकीट सापडलं. बेतून शिवल्यासारखं बसलं. मी पाठमोरा आलो तेव्हा सगळी वाडी चिडीचूप झाली. तो परिणाम आमच्या पुढाऱ्यांनाही फार आवडला.

तू मात्र मधेच उठून का गेलीस? तब्येत बरी नव्हती का, ते कळव.

लोभात अंतर पडू देऊ नकोस.
सयाजी


वाघजाईवाडी,
१४ नोव्हेंबर १९४७

चि. सयाजीस आशीर्वाद.

तब्येतीला काही झालेलं नाही. चाचा आणि चाची पुढच्याच रांगेत बसले होते, ते तुला दिसले नाहीत? आपलं जाकीट बघून चाचा आधी हसला. चाचीला दाखवत होता की बघ, पोरानं माझं घातलंय. मग तू सुरा उगारलास. तो मान खाली घालून उठला, म्हणून मी उठले.

दिवाळीत गाद्या पिंजायला कुणी त्याला बोलावलं नाही. कौलांवर दगड पडतात. त्याच्या पिंजायच्या कमानीची तात कुणीतरी कापली. उंदरानं कुरतडली म्हणतो, पण सुरीचा काप मला कळतो. केरबा चावडीवर उघड बोलला की यंदा ताबुताला कुणी खांदा द्यायचा न्हाई.

सयाजी, मला भीती वाटते. मोहरमला ये. सगळ्यांदेखत ते जाकीट त्याच्या अंगात घाल आणि खांदा दे. तू पुढं झालास की बाकीचे येतील. ते तुझा खेळ बघून बिघडलेत, तुलाच बघून सुधारतील.

वाट बघते.
बनुअक्का


सांगली,
१९ नोव्हेंबर १९४७

ती. सौ. बनुअक्कास सा. न.

नेमका त्याच दिवशी तासगावला खेळ ठरला आहे. माझ्याशिवाय तो उभा राहत नाही आणि जाकिटाशिवायही. थंडी सरली की नक्की परत देतो. केरबा तोंडानं फाटका असला तरी मनाचा वाईट नाही. चाचाला म्हणावं, खेळ तो खेळ. चार दिवसांत सगळं निवळेल. तू उगाच काळजी करतेस.

राग मानू नकोस.
सयाजी


वाघजाईवाडी,
२७ नोव्हेंबर १९४७

चि. सयाजीस,

ताबूत सजून चाचाच्या अंगणात उभा होता. चाचा दिवस मावळेपर्यंत रस्त्याकडं बघत बसला. मी त्याला सांगितलं होतं, सयाजी येईल. शेवटी आईनं पदर खोचला आणि दांड्याला खांदा लावला. पलीकडून मी लावला. दोघी बायांनी ताबूत कुठला उचलतोय? चावडीवर माणसं उभी होती, एकही हलला नाही.

आम्ही घरी आलो आणि मागं जाळ दिसला. कापसाचं घर, पेटायला किती वेळ लागणार! चाचा-चाची मागच्या दारानं निघाले म्हणून वाचले. तुझ्या खेळात घर पेटलं तेव्हा रडलेली तीच माणसं होती, सयाजी. परवा कुणी रडलं नाही. केरबा माझ्या नजरेला नजर देईना.

काल यांचं पत्र आलं. सुखरूप आहेत. लिहितात, इकडं जे बघतोय ते सांगवत नाही, पण आपल्या मुलखात असं व्हायचं नाही, आपली माणसं तशी नाहीत. आईनं पुन्हा वाच म्हटलं. मला वाचवेना.

चाचा-चाची मिरजेला दर्ग्याच्या ओसरीत बसलेत, अंगावरच्या कपड्यानिशी. मिरज तुझ्यापासून लांब नाही. आम्ही पाठवलेल्या वाकळांतल्या दोन काढ, आणि ते जाकीट घे. कुणासाठी म्हणून तुमच्या मदत समितीनं विचारलं तर सांग, निर्वासितांसाठी.

दुसऱ्या कुणाच्या हाती पाठवू नकोस. तू स्वतः घेऊन जा.

बनुअक्का