रोज चार मिनिटं

९ ऑगस्ट १९८७
श्रीपादचा सहकारी आनंदा कळव्याहून ट्रंक घेऊन आला. आत श्रीपादचे तक्ते — दूर डोंगरावरच्या त्या रेडिओ दुर्बिणीचे. म्हणाला, "वहिनी, शोधनिबंधावर पहिलं नाव त्याचंच. फक्त एप्रिलच्या तक्त्यांवर संकेत रोज किती वाजता येतो, त्या वेळा काढून द्या. त्याच्या खुणा तुम्हालाच लागतात." श्रीपाद जाऊन तीन महिने झाले. एवढं तरी नाव राहू दे त्याचं.

११ ऑगस्ट
शाळेतून आले की जमिनीवर कागद पसरते. सरळ रेघेत एकच बारीक उंचवटा. श्रीपाद म्हणायचा, दीर्घिका जमून यायच्या आधीचा हायड्रोजन आहे हा, आत्ता पोचतोय आपल्यापर्यंत. कडेला त्याची पेन्सिल. पुसेल म्हणून हात लावत नाही.

१२ ऑगस्ट
कुकर लावताना मागून त्याचा स्पष्ट आवाज — "हेमा, रेघ बघ." वळले नाही मी.

१५ ऑगस्ट
काहीतरी चुकतंय. आकाशातली वस्तू रोज चार मिनिटं लवकर यायला हवी. त्यानेच शिकवलंय मला. हा उंचवटा एप्रिलभर दुपारी चार दहालाच! आभाळ घड्याळ बघून येत नाही. तिथेच जवळपास कुणीतरी रोज एखादं यंत्र सुरू करत असणार.

१६ ऑगस्ट
आनंदाला सांगितलं तर निबंध गेला. श्रीपादचं नाव गेलं.

१९ ऑगस्ट
केलं. एक एप्रिलला चार दहा, पुढे रोज चार मिनिटं कमी. साधी वजाबाकी. डोंबिवलीतल्या शेकडो पोरांना कॉपीसाठी वर्गाबाहेर काढलंय मी. आकडे लिहिताना एकदाही अडखळले नाही, याचीच लाज वाटते.

२३ ऑगस्ट
आनंदा खूश. "जानेवारीच्या वेळांना अगदी जुळतात हो!" जानेवारीचे तक्ते राहिलेले नाहीत, श्रीपादची वही तेवढी आहे. तेव्हा दुर्बिणीवर तो एकटाच असायचा. आनंदा ती वही माझ्यापाशी ठेवून गेला.

२४ ऑगस्ट
वही उघडली. त्याचं अक्षर. रोज बरोबर चार मिनिटं कमी, एकही दिवस गाळलेला नाही.
१२ जानेवारी, रात्री नऊ सव्वीस. समोर — "स्वतः पाहिले."
त्या रात्री साडेनऊला श्रीपाद मोहने गावातल्या घरी दारात उभा होता. मामंजींना अग्नी देऊन आलेला. त्याच्या पायांवर पाणी मीच घातलं.