वाळूवरची बिस्किटं

अण्णा, आठवडा झाला, आत्या माझ्याकडेच आहे. तिच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तिच्या गंगापूरला धूळ फार, म्हणून डॉक्टरांनी काही दिवस इथंच थांबायला सांगितलं. काळा चष्मा लावून ती दिवसभर स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसते आणि नीट दिसत नसलं तरी मी काय करते त्यावर बारीक लक्ष ठेवते. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण तुमचा विषय निघाला की ती अजून असं बोलते, जणू तुम्ही बाहेर अंगणात सायकल पुसताय आणि हाक मारली की आत याल.

काल लेक पुण्याहून आली म्हणून बिस्किटं करायला घेतली. मधोमध अंगठा दाबून खळग्यात जॅम भरायची ती. आता माझ्याकडे ओव्हन आहे, जॅमही घरचा, पेरूचा. मी लोणी-साखर फेसून मैदा मळला, गोळे वळले आणि लेक एकेका गोळ्यावर अंगठा दाबत होती. कडेला चीर गेली की बोटानं सांधायची, हे तिला दाखवता दाखवता नेहमीसारखी तुमची गोष्ट निघाली. ती मी कुणाला सांगितली नसेल, अण्णा? लग्न ठरल्यावर नवऱ्याला सांगितली. तुमच्या दहाव्याला आलेल्या कंपनीतल्या माणसांना सांगितली. आत्यासमोर तर कितीदा.

आई गेली ते पोळ्याच्या सुमारास. मी चौथीत होते. आपण छावणीत दोन भाड्याच्या खोल्यांत राहायचो आणि तुम्ही चिकलठाण्याच्या कंपनीत फिटर. तीन पाळ्या. तुमची रात्रपाळी असली की मी शेजारच्या खालांकडे झोपायची. सकाळी तुम्ही लाल डोळ्यांनी यायचा, माझी वेणी घालायचा, ती शाळेत पोचेपर्यंत सुटायची. मग दिवाळी आली. दुःखाचं वर्ष, घरात कढई ठेवायची नाही असं सगळ्यांनी बजावलेलं. आई दर दिवाळीला मैदा, साखर, तूप घेऊन बेकरीत जायची आणि पत्र्याचा डबा भरून बिस्किटं भाजून आणायची. मी तुम्हाला एवढंच विचारलं की यंदा बेकरीत जायचं नाही का.  दुसऱ्या दिवशी पहिली पाळी करून तुम्ही आलात ते मैद्याची पुडी आणि जॅमची बाटली घेऊन.

"कढई ठेवायची नाय म्हणत्यात," तुम्ही म्हणालात. "बिस्किटाला कढई लागती कुठं?"

बेकरीत गेलो असतो तर चार लोकांनी पाहिलं असतं, म्हणून घरीच करायचं ठरलं. कंपनीच्या कॅन्टीनमधल्या आचाऱ्याला तुम्ही सगळं विचारून आला होतात. मला अजून दिसतं, तुम्ही आधी रॉकेलनं आणि मग साबणानं हात घासताय. नखांतलं काळं निघता निघत नाही. स्टोव्हवर मोठं पातेलं, तळाला वाळू, वाळूवर रिंग, रिंगवर ताट. अंगठ्याचा खळगा माझ्या एका मैत्रिणीच्या डब्यात पाहिलेला, तो हट्ट माझाच. तुम्ही पहिल्या गोळ्यावर अंगठा दाबलात तर गोळ्याची पार चकतीच झाली. दुसऱ्याचंही तेच. तुम्ही माझ्याकडे ताट सरकवलंत. "तूच दाब बाई. ह्यो अंगठा नटबोल्टाचा हाय." आई गेल्यापासून त्या दिवशी पहिल्यांदा मी तुम्हाला हसताना पाहिलं.

पहिला घाणा खालून करपला, जॅम उतू जाऊन ताटाला चिकटला. दुसरा चांगला निघत होता तेवढ्यात दारात आत्या उभी. खांद्याला वायरची पिशवी. वास तिला गल्लीतच आला असणार.

"आरं, घरातली बाई जाऊन साल नाय झालं, आन तू गोडधोड करतुस?"

"कढई नाय ठेवली, आक्का. वाळू ठेवलीय."

आत्या आधी हसली आणि मग तोंडाला पदर लावून तिथंच उंबऱ्यात बसली. तुम्ही मला चहापत्ती आणायला दुकानात पिटाळलंत. मी पत्ती घेऊन आले. आम्ही चहा प्यायलो, बिस्किटं खाल्ली, आणि दिवस मावळायच्या आत आत्या एकटीच एसटीनं परत गेली. नंतर खालांनी मला जवळ घेऊन सांगितलं, "तेरी फुप्पी तेरे कू ले जाने आई थी बेटा. तेरे अब्बा नै दिये."

बस, इतकीच गोष्ट. बापानं मला कुणाला दिलं नाही. यावर मी वाढले, अण्णा.

काल लेकीला हे सांगून मी ट्रे ओव्हनमध्ये सरकवला आणि आत्या खुर्चीतून म्हणाली, "म्या आपणहून न्यायला नव्हते आले गं."

मला वाटलं, वयामुळे विसरली असेल. "म्हणजे?"

"त्यानंच सांगावा धाडला व्हता. आक्का, माझ्यानं व्हत नाय, येऊन पोरीला घेऊन जा म्हणून. तू दुकानात गेलीस तवा तुहे फ्रॉक त्यानंच माझ्या पिशवीत भरून दिले. घड्या नीट येत नव्हत्या त्याला."

 मी विचारलं, "मग?"

"मग तू आलीस. बिस्किटं निवली व्हती. तू त्याचा कंपनीचा डबा काढला आन भरत बसली. म्हणली, अण्णा, पुढच्या आठवड्यात तुमची नाईट हाय, ही तवा न्या. त्यो उठून भाईर गेला. म्या मागं गेले तर म्हणला, आक्का, राहू दे. फ्रॉक काढून ठिव. पोरगी माझी पाळी ध्यानात ठिवती, आन मी तिला वाटंला लावतोय."

"आत्या, इतकी वर्षं तू बोलली का नाहीस? मी सगळ्यांना सांगत फिरले, तू मला न्यायला आली होतीस म्हणून."

"माझं काय झिजलं त्यात? तुला बाप पुरा मिळत व्हता." मग तिनं चहा मागितला, बुडवून खायला बिस्किट मागितलं आणि जॅम जास्त आंबट झालाय म्हणून सांगितलं.

मला राग आला असेल असं तुम्हाला वाटेल. आला नाही. माझं लग्न होईपर्यंत तुम्ही तीन पाळ्या केल्यात, दुसरं लग्न केलं नाहीत, आणि लेक पोटात असताना गेलात. तुम्ही मला देणार होतात, हे ओझं त्या सगळ्या वर्षांत तुम्हाला एकट्यालाच वागवावं लागलं. मी ती गोष्ट रंगवून सांगायची तेव्हा तुम्ही उठून का जायचात, ते काल कळलं. मी ते तुमचं साधेपण समजत होते.

पण आत्यालाही ठाऊक नाही असं एक राहिलंय. दुकानातून परत आले तेव्हा दारातून मला ती पिशवी दिसली होती. वर माझा निळा फ्रॉक होता, तो आत्यानंच भरला असं मी धरून चालले. मला न्यायचं ठरलंय हे कळलं होतं, अण्णा, आणि मला बरं वाटलं होतं. आत्याकडे भावंडं होती, म्हशी होत्या, केस विंचरायला बाईमाणूस होतं, आणि घरात रात्री सगळे असायचे. पुढच्या आठवड्यात मी नसणार, तुम्ही एकटे डबा घेऊन जाणार, म्हणून तो भरत बसले. तुम्ही त्याचा उलटा अर्थ घेतलात आणि मला ठेवून घेतलंत. आत्या रिकामी पिशवी घेऊन निघाली तेव्हा मी रडले, आणि आईची आठवण आली असेल म्हणून तुम्ही मला मांडीवर घेतलंत. मी काही बोलले नाही.

मला जायचं होतं. राहावंसं कधीपासून वाटायला लागलं, ते आता आठवतच नाही.